दारात उभं राहून विचारायचा प्रश्न

नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियाने ओबामांना भरभरून मतं दिली आणि त्याच मतपत्रिकेवर ‘प्रपोझिशन ८’लाही होकार दिला. सुमारे ५२ टक्क्यांच्या त्या कौलाने समलिंगी जोडप्यांना पाच महिन्यांपूर्वीच मिळालेला लग्नाचा हक्क गेला. लॉस एंजेलिसच्या एलजीबीटी सेंटरमधल्या डेव्ह फ्लायशर यांनी मग एक उफराटा उद्योग आरंभला. विरोधी मतं पडलेल्या वस्त्यांत जायचं, बेल दाबायची आणि विचारायचं: असं मत का दिलंत? ‘डीप कॅनव्हासिंग’ची सुरुवात ही अशी झाली.

दारोदार बोलण्याच्या या रीतीचं मूळ मात्र जुनं आहे. वेगळ्या गटातल्या माणसाशी बरोबरीच्या नात्याने संबंध आला की पूर्वग्रह ओसरतो, हा विचार समाजशास्त्रज्ञ रॉबिन विल्यम्स यांनी १९४७ मध्ये मांडला. १९५४ मध्ये मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांच्या पुस्तकाने तो सर्वतोमुखी केला. तेव्हा प्रश्न काळ्या-गोऱ्यांचा होता. त्वचेचा रंग दिसतो. समलिंगी शेजारी मात्र वर्षानुवर्षं शेजारी असूनही ‘भेटलेला’ नसतो. म्हणूनच १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी शिक्षकांना सरकारी शाळांतून काढू पाहणाऱ्या प्रस्तावाविरुद्ध समलिंगी नेते हार्वे मिल्क समलिंगी लोकांना सांगत होते, आपण कोण आहोत ते घरच्यांना, शेजाऱ्यांना सांगून टाका. प्रस्ताव पडला.

फ्लायशर यांच्या कार्यकर्त्यांनी या संपर्काला रीत दिली. पाठिंब्याच्या शून्य ते दहा या पट्टीवर तुम्ही कुठे? समजा, घरमालक म्हणाला पाच. पाचच का? मग गप्प राहून ऐकायचं. वाद नाही, आकडेवारी नाही. (चळवळीतल्या माणसाला हे किती जड जातं!) नंतर स्वतःची गोष्ट सांगायची, त्याची विचारायची: वेगळे म्हणून तुम्हाला कधी कुणी बाजूला काढलं होतं का? शेवटी पुन्हा तोच आकडा.

२०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला: अशी एकच भेट पुरते, पण दारात समलिंगी माणूस असेल तरच परिणाम टिकतो. ऑलपोर्टच जिंकले म्हणायचे! पण डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला हे संशोधक तसाच अभ्यास करू गेले, तर आकड्यांत काळंबेरं दिसलं. ज्या कंपनीकडून सर्वेक्षण करून घेतल्याचं सांगितलं होतं, तिला त्याचा पत्ताच नव्हता. मे २०१५ मध्ये निबंध मागे घेतला गेला.

पद्धतही त्याबरोबर बुडायची. पण या दोघांनी मायामीत ट्रान्सजेंडर हक्कांवर खरा प्रयोग केला: ५६ कार्यकर्ते, ५०१ मतदार, दहाएक मिनिटांचं बोलणं. २०१६ मध्ये निकाल छापला गेला. मतं बदलली होती आणि तीन महिन्यांनीही तशीच होती. शिवाय दारात उभा असलेला कार्यकर्ता ट्रान्सजेंडर होता की नव्हता, याने फारसा फरक पडला नव्हता. म्हणजे ज्या सिद्धांताच्या पोटी ही रीत जन्मली, त्याच्याच मुख्य अटीवाचून तिचं अडलं नाही. २०२० मध्ये त्याच दोघांनी आणखी प्रयोग छापले. त्यांतून दिसलं की गोष्टींची देवाणघेवाण वगळली, नुसते मुद्दे ठेवले, की परिणाम दिसेनासा होतो.