जे-१ व्हिसाची दोन वर्षांची अट : माफीला उशीर होत असेल तर काय करावे?

चारठाणा, जिंतूर, सेलू या भागातील आपली मुले-मुली आता अमेरिकेतील विद्यापीठांत संशोधनासाठी जाऊ लागली आहेत. संख्या अजून थोडी आहे. त्यामुळे एखाद्याची अडचण आली की विचारायला जवळ माहीतगार माणूस नसतो. अशीच एक अडचण घेऊन चारठाण्यातील एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे आले. मुलगी अमेरिकेत संशोधक, नोकरीचे पत्र हातात, पण ‘दोन वर्षे भारतात राहिल्याशिवाय पुढचा व्हिसा नाही’ अशी अट. माफीचा अर्ज करून बरेच महिने झाले होते आणि फाईल कुठे आहे हे कोणालाच सांगता येत नव्हते. त्या कामात आम्ही जे शिकलो आणि नियम वाचून जे समजले, ते इतर कुटुंबांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहोत.

अट नेमकी काय आहे?

जे-१ हा अमेरिकेचा ‘एक्स्चेंज व्हिजिटर’ व्हिसा. १९६१ च्या कायद्याने तो आजच्या स्वरूपात आला. परदेशातील विद्यार्थी, संशोधक, प्राध्यापक, डॉक्टर यांनी अमेरिकेत शिकावे आणि ते ज्ञान मायदेशी न्यावे, असा त्यामागचा हेतू आहे. म्हणून काही जणांना कलम २१२(ई) लागू होते. कार्यक्रम संपल्यावर मायदेशात एकूण दोन वर्षे राहिल्याशिवाय त्यांना एच-१बी किंवा एल व्हिसा आणि ग्रीन कार्ड मिळत नाही. अमेरिकेतच राहून दुसऱ्या व्हिसावर जाण्याची वाटही जवळपास बंद असते. जे-२ व्हिसावर गेलेले पती, पत्नी आणि मुले यांनाही तीच अट लागते.

ही दोन वर्षे सलग असण्याची गरज नाही. तुकड्या-तुकड्याने भारतात काढलेले दिवस मिळून दोन वर्षे झाली तरी चालते. म्हणून पासपोर्टवरील येण्याजाण्याचे शिक्के आणि विमानाची तिकिटे जपून ठेवावीत.

अर्जाआधी तपासा : अट लागू आहे का?

अट लागण्याची कारणे तीनच आहेत. पहिले, अमेरिकेच्या किंवा आपल्या सरकारचा पैसा कार्यक्रमात असणे. फुलब्राइट-नेहरू फेलोशिप याच प्रकारात येते, कारण २००८ च्या करारानुसार तिचा खर्च दोन्ही सरकारे उचलतात. दुसरे, आपले क्षेत्र आपल्या देशाच्या ‘कौशल्य यादीत’ असणे. तिसरे, डॉक्टरांनी अमेरिकेत रेसिडेन्सी किंवा तत्सम वैद्यकीय प्रशिक्षण घेणे.

यातील दुसऱ्या कारणाबाबत मोठा बदल झाला आहे. ९ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कौशल्य यादीत भारताचे नाव नाही. हा बदल आधी गेलेल्यांनाही लागू आहे. म्हणजे ज्यांना केवळ कौशल्य यादीमुळे अट लागली होती, ते आता त्यातून मोकळे आहेत. जुन्या डीएस-२०१९ फॉर्मवर किंवा व्हिसावर ‘अट लागू’ असे छापलेले पाहून अनेक जण आजही माफीच्या मागे धावतात. व्हिसावरची नोंद चुकीचीही असू शकते. शंका असल्यास अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या ‘वेव्हर रिव्ह्यू डिव्हिजन’कडे लेखी अभिप्राय मागता येतो. त्याला ‘ॲडव्हायझरी ओपिनियन’ म्हणतात.

आणखी एक गल्लत टाळावी. संशोधक आणि प्राध्यापक यांना त्याच प्रकारच्या जे-१ वर पुन्हा येण्यासाठी २४ महिने थांबावे लागते, तो नियम वेगळा आहे. माफी मिळाली म्हणून तो सुटत नाही.

माफीचे मार्ग

मार्ग पाच आहेत : मायदेशाच्या सरकारची ना-हरकत, अमेरिकेच्या एखाद्या सरकारी खात्याची शिफारस, अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या जोडीदाराला वा मुलाला होणारा असाधारण त्रास, मायदेशात छळ होण्याची भीती, आणि डॉक्टरांसाठी ‘कॉनरॅड ३०’.

रेसिडेन्सी केलेल्या डॉक्टरांना ना-हरकतीचा मार्ग कायद्यानेच बंद आहे. कॉनरॅड योजनेत अमेरिकेतील प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा असतात आणि डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे पूर्णवेळ सेवा करावी लागते. फुलब्राइटसारख्या, अमेरिकन सरकारचा पैसा असलेल्या प्रकरणांत केवळ ना-हरकतीवर माफी मिळणे फार अवघड असते.

छळाच्या मार्गाबद्दल आपल्या समाजात गैरसमज आहे. कायद्यात वंश, धर्म आणि राजकीय मत अशी तीनच कारणे लिहिलेली आहेत. जात हा शब्द त्यात नाही. भारतात जातीय अन्याय आहे, हे सत्य असले तरी एवढे लिहून हा अर्ज टिकत नाही. स्वतः अर्जदाराचा छळ होईल हे दाखवावे लागते. हा मार्ग घ्यायचा असेल तर जाणकार वकिलाशिवाय घेऊ नये.

ना-हरकतीची फाईल कोणत्या वाटेने जाते?

बहुतेकांचा मार्ग हाच असतो. अर्जदार डीएस-३०३५ हा फॉर्म ऑनलाइन भरतो, १२० डॉलर शुल्कासह कागद टपालाने पाठवतो आणि त्याला केस नंबर मिळतो. मग भारताच्या बाजूचे काम सुरू होते. केंद्रीय शिक्षण मंत्रालय, पासपोर्टवरील कायमच्या पत्त्याचे राज्य सरकार आणि पासपोर्ट कार्यालय या तिघांची ना-हरकत लागते. त्या मिळाल्या की अमेरिकेतील भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास ‘नोरी’ प्रमाणपत्र देतो, म्हणजे भारतात परतण्याचे बंधन नाही असे पत्र. ते दूतावासाकडून थेट वेव्हर रिव्ह्यू डिव्हिजनकडे जावे लागते. अर्जदाराने स्वतः पाठवलेले चालत नाही. तिथली शिफारस अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे जाते आणि अंतिम निर्णय ते खाते देते.

म्हणजे एका माणसाच्या अर्जाला दोन देशांतली सहा कार्यालये. एकाने दुसऱ्याची वाट पाहायची. उशीर होतो तो बहुधा असा. तो नकार नसतो, पण वेळेत कळला नाही तर त्याचा परिणाम नकारासारखाच होतो.

चारठाण्याची फाईल कुठे अडली होती?

त्या ताईंची फेलोशिप भारत सरकारच्या पैशातून होती, त्यामुळे नव्या कौशल्य यादीचा त्यांना उपयोग नव्हता. पासपोर्टवर पत्ता चारठाण्याचा. आई-वडील मात्र धाकट्या मुलाच्या शिक्षणासाठी परभणीला भाड्याने राहत होते. पत्त्याच्या चौकशीसाठी माणूस आला तेव्हा घराला कुलूप होते. शेजाऱ्यांनी खरे तेच सांगितले, ‘ते परभणीला असतात.’ अहवालात ‘दिलेल्या पत्त्यावर राहत नाहीत’ अशी नोंद गेली आणि फाईल तिथेच बसली. यात कोणाची लबाडी नव्हती, कोणाचा दुष्टावा नव्हता. पण सात महिने गेले. विद्यापीठाने तेवढे थांबायची तयारी दाखवली नाही. ती नोकरी गेली.

पुढे वडिलांनी ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, घरपट्टीची पावती, रेशनकार्ड आणि परभणीला तात्पुरते राहण्याचे कारण सांगणारे प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज दिला. फेलोशिप देणाऱ्या संस्थेचे पत्रही मागून घेतले. त्यानंतर फाईल हलली आणि शेवटी माफी मिळाली. जे कागद सात महिन्यांनी दिले, ते पहिल्याच आठवड्यात तयार ठेवता आले असते, ही खंत आम्हाला आजही आहे.

घरच्यांनी करायची कामे

• पासपोर्टवरील पत्ता आणि आजचा पत्ता वेगळा असेल तर अर्जासोबतच लेखी खुलासा द्यावा. गावातील घर बंद असेल तर शेजारी, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत यांना आधीच सांगून ठेवावे आणि आपला मोबाइल नंबर द्यावा.

• नाव आणि आडनाव सर्व कागदांवर एकसारखे आहे का ते पाहावे. लग्नानंतर बदललेले नाव, दाखल्यावर एक व पासपोर्टवर दुसरे स्पेलिंग, वडिलांचे नाव मध्ये असणे-नसणे यावरून फाईल परत येते.

• प्रत्येक कार्यालयातून पोच आणि आवक क्रमांक घ्यावा. फाईल पुढे गेली की जावक क्रमांक व तारीख विचारावी. ‘पाठवली आहे’ या तोंडी उत्तरावर घरी येऊ नये.

• एका वहीत तारीख, कार्यालय, क्रमांक आणि कोण काय म्हणाले ते लिहावे. अमेरिकेतील अर्जदाराला त्या पानाचा फोटो पाठवावा.

• भारतातील पाठपुरावा करणाऱ्याच्या नावे अधिकारपत्र आधीच करून ठेवावे.

फाईल हलत नसेल तर

आधी साधे स्मरणपत्र, आवक क्रमांक लिहून. उत्तर नाही आले तर माहिती अधिकार कायदा, २००५ चा अर्ज. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. परदेशात असलेला भारतीय नागरिकही तो करू शकतो. ‘माझे काम का होत नाही?’ असा प्रश्न विचारू नये. ‘अमुक आवक क्रमांकाची फाईल आज कोणाकडे आहे, त्यावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली, टिपणीची प्रत द्यावी’ असे मागावे. अनेकदा हा अर्ज पोहोचल्यावरच फाईल शोधली जाते.

केंद्रीय मंत्रालयांविरुद्धच्या तक्रारीसाठी सीपीग्राम्स, राज्याच्या कार्यालयांसाठी ‘आपले सरकार’ आणि दूतावासाशी संबंधित कामासाठी परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ हे पोर्टल आहे. अमेरिकेच्या बाजूला केस नंबर टाकून स्थिती ऑनलाइन पाहता येते. तिथे विलंब असेल तर राहत्या मतदारसंघातील काँग्रेस सदस्याच्या कार्यालयामार्फत चौकशी करता येते. त्यासाठी मतदार असण्याची गरज नसते. पत्ता बदलला तर दोन्ही अमेरिकी कार्यालयांना लगेच कळवावे, नाहीतर निर्णयाचे पत्र जुन्या घरी जाते.

वाट पाहताना होणाऱ्या चुका

माफीचा अर्ज प्रलंबित आहे म्हणून अमेरिकेत राहण्याची मुदत वाढत नाही. डीएस-२०१९ ची तारीख संपण्याआधीच पुढचा विचार करावा. उलट बाजूही आहे. परराष्ट्र खात्याने माफीची शिफारस केली की जे-१ कार्यक्रमाला सहसा मुदतवाढ मिळत नाही. म्हणून मुदतवाढ हवी असेल तर ती आधी घ्यावी. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाशी बोलल्याशिवाय अर्जाची वेळ ठरवू नये.

ओ-१ व्हिसाला आणि शिक्षणाच्या एफ-१ ला ही अट आड येत नाही. मात्र तो व्हिसा अमेरिकेबाहेर जाऊन घ्यावा लागतो.

परतणे आणि अडकणे

बाबासाहेबांनाही अशाच अटीवर परदेशी जावे लागले होते. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीसाठी त्यांनी दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार केला. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपल्याने लंडनमधील अभ्यास अर्धा सोडून ते परतले. बडोद्यात त्यांना राहायला जागासुद्धा मिळू दिली नाही. पण लंडन सोडण्यापूर्वी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. त्याच परवानगीवर ते १९२० मध्ये पुन्हा गेले.

परत यायचे की तिथे राहायचे, हा प्रत्येकाचा निर्णय आहे. जे परत येऊन गावात काम करतात त्यांचा आम्हाला अभिमान आहे, आणि जे तिथे राहून संशोधन करतात त्यांचाही. पण धड इकडे नाही, धड तिकडे नाही अशी वर्षे कोणाच्याही वाट्याला येऊ नयेत. तालुक्याच्या गावातून पहिल्यांदा परदेशी गेलेल्या मुलीमागे वकील नसतो, ओळखीचा अधिकारी नसतो. तिच्यामागे घर आणि समाज असतो. तेव्हा आपल्या ओळखीत कोणी असा अर्ज केला असेल, तर या आठवड्यात एक फोन करून एवढेच विचारा : पासपोर्टवर पत्ता कुठला आहे आणि त्या घरी आत्ता कोण राहते?