तात्कालिक कारण

मी शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवला. या काळात फळ्यावर सगळ्यात जास्त वेळा काय लिहिलं असेल तर 'तात्कालिक कारण' आणि 'मूळ कारणे'. 1857 चा धडा आला की मुलं काडतुसांवर झडप घालायची. मी म्हणायचो, अरे, काडतूस ही नुसती ठिणगी. कोठारात दारू आधीच भरलेली होती. आपलं साताऱ्याचं राज्य डलहौसीने 1848 साली खालसा केलं, तिथून मोजायला लागा.

वर्गात हे शिकवणारा मी, स्वतःच्या मोटरसायकलच्या बाबतीत मात्र काडतुसावरच अडकून बसलो. त्याची किंमत दुसऱ्याच माणसाने मोजली. ही गोष्ट चाळीस वर्षं सांगायची राहिली होती.

निमित्त झालं नातवाचं. गेल्या दिवाळीत त्याने पडवीतली माझी जुनी राजदूत बाहेर काढली, पुसली, टाकीत ऑइल मिसळून पेट्रोल घातलं आणि विसाव्या-पंचविसाव्या किकला ती चक्क सुरू झाली. पण दोन गल्ल्या गेली की बंद. थोडं थांबलं की चालू, परत बंद. तो इंजिनिअरिंगला आहे. म्हणाला, "आजोबा, कार्बोरेटर गेला. नवा मागवू." मी म्हटलं, "थांब. आधी टाकीचं झाकण उघड."

ते का, हे सांगण्याआधी थोडा इतिहास. त्याशिवाय मला करमत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

पेट्रोल नुसतं पातळ असताना इंजिनाच्या कामाचं नाही. वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण पंधरा भाग हवा, असं मिश्रण व्हावं लागतं. 1885 साली डाइमलर आणि मायबाख यांनी लाकडी सांगाड्याची दुचाकी केली. तिला पेट्रोलवरची पहिली मोटरसायकल मानतात. त्या काळात पेट्रोलवरून हवा फिरवायची आणि वाफ होईल तेवढी इंजिनात घ्यायची, असा प्रकार होता. कार्ल बेंझच्या तीनचाकीचंही तेच. ऑगस्ट 1888 मध्ये बेंझची बायको बर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन ती गाडी मानहाइमहून फॉर्त्सहाइमला घेऊन गेली, शंभराहून जास्त किलोमीटर. इंधन संपलं तेव्हा वाटेतल्या औषधाच्या दुकानातून घेतलं. मध्येच इंधनाची नळी तुंबली. बर्थाबाईंनी टोपीची पिन काढून ती मोकळी केली, असं सांगतात. रस्त्यात बंद पडलेली गाडी दुरुस्त करणाऱ्या पहिल्या माणसांत ही बाई होती. आणि मुख्य म्हणजे, इंजिनाला शिव्या न देता पेट्रोल कुठे अडलंय ते तिने पाहिलं.

1893 साली बुडापेस्टच्या दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी तुषार उडवणाऱ्या कार्बोरेटरचं पेटंट घेतलं. फुलांवर पाणी फवारणारी मुलगी पाहून त्यांना ते सुचलं, अशी एक गोड आख्यायिका आहे. त्याच वर्षी मायबाखनेही तसाच कार्बोरेटर केला. तत्त्व जुनंच होतं. नळी जिथे अरुंद होते तिथे वाहणाऱ्याचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. बर्नुलीने 1738 मध्ये आणि व्हेन्चुरीने 1797 मध्ये ते मांडलेलं होतं. अरुंद गळ्यातून हवा जोरात गेली की बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल वर ओढलं जातं आणि त्याचे तुषार होतात. खाली वाटीत पेट्रोलची पातळी एकसारखी राहावी म्हणून फ्लोट. आपल्या गच्चीवरच्या टाकीत पाणी बंद करणारा चेंडू असतो ना, अगदी तोच.

पुढे शंभरावर वर्षं जगभरच्या बहुतेक मोटरसायकली याच युक्तीवर चालल्या. आपल्याकडे 1955 पासून मद्रासला बनू लागलेली बुलेट, 1960 च्या सुमाराला म्हैसूरला सुरू झालेली जावा, त्याच दशकात फरिदाबादला पोलंडच्या गाडीवरून बेतलेली राजदूत, सगळ्यांच्या पोटात तीच वाटी, तोच चेंडू. खेड्यातल्या पोराने एक पाना आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन उघडावं आणि बघून समजावं, असं ते यंत्र होतं.

माझी राजदूत मी 1982 मध्ये जुनी घेतली. घरापासून शाळा अठरा किलोमीटर, मध्ये एक खिंड. गाडीचं सगळं काम तालुक्याच्या स्टँडमागचे एक मिस्त्री करायचे. (नाव लिहीत नाही.) चौथी शिकलेले. इंजिनाचा आवाज कान वाकडा करून ऐकायचे.

1984 च्या पावसाळ्यात गाडी बंद पडायला लागली. सकाळी छान निघायची आणि खिंडीच्या चढावर गचके देत थांबायची. पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. मिस्त्रींनी कार्बोरेटर उघडला, जेट फुंकून साफ केला, प्लग बदलला. दुसऱ्या दिवशी खिंडीत पुन्हा तेच. पुन्हा उघडला, फ्लोटची पिन बदलली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "सर, कार्बोरेटरात काही नाही हो. दोन दिवस गाडी ठेवून जा, मी स्वतः खिंडीपर्यंत चालवून बघतो." गाडी ठेवली तर शाळेला जाऊ कसा? त्यात सहामाही परीक्षा आलेली. आणि त्याच आठवड्यात कोणीतरी कानात सांगितलं होतं की काही गॅरेजवाले चांगला जेट काढून जुना घालतात.

मी त्यांच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, माझे दोन विद्यार्थी उभे असताना म्हणालो, "तुम्ही माझा जेट बदललात." ते काही बोलले नाहीत. हातातली चिंधी खाली ठेवली आणि मी दिलेले पैसे परत केले, तिन्ही वेळचे.

शिक्षकांच्या खोलीत मी ही हकीकत रंगवून सांगितली. आमच्या शाळेत तेव्हा सहा-सात गाड्या होत्या. त्या हळूहळू दुसरीकडे जाऊ लागल्या.

मी दुसऱ्या गॅरेजात नवा कार्बोरेटर बसवून घेतला. चौथ्या दिवशी खिंडीत गाडी बंद! पेट्रोल तरी आहे का, म्हणून टाकीचं झाकण फिरवलं आणि 'फुस्स' असा आवाज आला. बाहेरची हवा आत शिरली. किक मारली, गाडी चालू.

मी रस्त्याच्या कडेला बसलो आणि ते झाकण बघत राहिलो. मूळचं झाकण जून महिन्यात पेट्रोलपंपावर विसरलं होतं. आठवडी बाजारातून दुसरं आणलं होतं, मिस्त्रींना सांगितलंही नव्हतं. मूळच्या झाकणाला बारीक छिद्र होतं, या झाकणाला नव्हतं. राजदूतच्या टाकीतून पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरतं, पंप वगैरे काही नाही. जेवढं उतरेल तेवढी हवा वरून आत यायला हवी. ती येत नव्हती. दहा-बारा किलोमीटरनंतर टाकीत ओढ निर्माण व्हायची, पेट्रोल अडायचं, कार्बोरेटरची वाटी रिकामी. थांबलं की कुठूनतरी हवा झिरपायची आणि गाडी पुन्हा शहाण्यासारखी चालायची. कार्बोरेटर हे तात्कालिक कारण. मूळ कारण माझ्या हातात होतं.

खिळ्याने झाकणाला छिद्र पाडलं. त्यानंतर ती गाडी त्या कारणाने कधी बंद पडली नाही. पण मी मिस्त्रींकडे गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. शेवटी स्टँडमागचा रस्ताच टाळायला लागलो. शिक्षकांच्या खोलीतही गप्प बसलो. 1991 मध्ये ते वारले. त्या दिवशीही गेलो नाही.

असो. नातवाने झाकण उघडलं, 'फुस्स' झालं. खिळ्याचं छिद्र गंजाने बुजलं होतं. तो खूश! मला मात्र रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन, त्याच गाडीवर मागे बसून, स्टँडमागे गेलो. मिस्त्रींचा मुलगा आता गॅरेज बघतो. तिथे कार्बोरेटरवाल्या गाड्या कमीच दिसल्या. 1 एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे नवे नियम आले, तेव्हापासून बहुतेक नव्या गाड्यांत इंजेक्शन असतं आणि बिघाड संगणक सांगतो. मी त्याला सगळं सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, "सर, मी तेव्हा लहान होतो. आई आत आहे. तिला सांगा."

आत गेलो. त्या माउलीला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "त्या वर्षी मास्तर लोकांच्या गाड्या यायच्या एकदम बंद झाल्या. का, ते आम्हाला कधी कळलंच नाही. हे म्हणायचे, आपलंच काहीतरी चुकलं असेल."

मग त्यांनी चहा टाकला. मी तो घेतला.