मध्यस्थी आणि रदबदली

इ. स. १५३० च्या सप्टेंबरात मार्टिन लूथरने कोबुर्गच्या गढीतून एक अनावृत पत्र लिहिले. त्याचे विषय दोन: बायबलच्या अनुवादाची रीत आणि दिवंगत संतांनी भक्तांसाठी देवाजवळ करावयाची रदबदली. वरवर पाहता हे विषय परस्परांहून भिन्न. वस्तुतः त्यांचे नाते निकटचे आहे.

लूककृत शुभवर्तमानात देवदूत मरीयेला अभिवादन करतो. तेथील ग्रीक विशेषणाचा अर्थ ‘जिच्यावर कृपा झाली आहे अशी’. लॅटिन अनुवादाने त्याचे ‘कृपेने परिपूर्ण’ केले. लूथरचा आक्षेप भाषेचा होता: ‘परिपूर्ण’ म्हणताच जर्मन माणसाला बिअरने भरलेले पीप किंवा पैशांनी भरलेली थैली आठवणार! ‘प्रिय मरीये’ हेच त्याला अस्सल जर्मन वाटे. परंतु शब्दाबरोबर भूमिकाही पालटते. भरलेल्या पात्रातून इतरांना काही लाभू शकते; जिच्यावर कृपा झाली, ती मात्र आपल्यासारखीच घेणारी ठरते.

त्याच वर्षीच्या आउग्सबुर्ग येथील श्रद्धानिवेदनाच्या २१ व्या कलमाने संतांचे स्मरण मान्य केले, त्यांची आळवणी नाकारली. आधार होता तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा: देव व मानव यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, ख्रिस्त. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने उत्तर दिले: संतांना साकडे घालणे इष्ट व हितावह आहे, तारणारा मात्र ख्रिस्तच.

म्हणजे ‘एकच मध्यस्थ’ हे वचन उभय पक्षांना मान्यच होते. मतभेद कोठे होता, हे मराठीतील दोन शब्द नेमके दाखवितात. मध्यस्थ दोन पक्षांत समेट घडवितो. रदबदली करणारा केवळ दुसऱ्यासाठी शब्द टाकतो. कॅथलिकांच्या मते संत रदबदली करतात, जशी जिवंत शेजाऱ्याकडे आपण प्रार्थना मागतो तशी. सुधारकांनी शेजाऱ्याची प्रार्थना कधीच नाकारली नाही. संत स्वर्गात ख्रिस्तसभेसाठी प्रार्थना करतात, हेही मेलांख्थोनने १५३१ मध्ये मान्य केले. त्यांचे भय निराळे होते: रदबदलीवर विसंबलेले मन तिलाच मध्यस्थी मानू लागते.

या भयात तथ्य होते. पण त्यासाठी मोजावे लागलेले मोलही लहान नव्हते. मृत्यूपलीकडच्या आप्तस्वकीयांशी बोलण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय प्रॉटेस्टंट घरांतून लोपली. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले की, मरीयेच्या ‘मध्यस्था’ या बिरुदाने ख्रिस्ताच्या मध्यस्थीत काही उणे होत नाही, की भर पडत नाही. चार शतकांनंतरही प्रश्न एका शब्दाच्या अर्थमर्यादेचाच राहिला होता.