कुलूप-किल्लीच्या उपमेची मर्यादा

एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये एंझाइम व कार्यद्रव्य यांना कुलूप-किल्लीची उपमा दिली, तेव्हा एकाही एंझाइमची रेणुरचना ज्ञात नव्हती. यीस्टचे एंझाइम मेथिल ग्लुकोसाइडाच्या आल्फा रूपाचेच विघटन करते, बदामातील इमल्सिन बीटा रूपाचेच. एवढ्यावरून त्यांनी हे अनुमान बांधले. धाडसच म्हणावयाचे! पुढे १९२८ मध्ये क्वास्टेल व वुल्ड्रिज यांना आढळले की, सक्सिनेटाहून एका कार्बनाने आखूड असलेले मॅलोनेट त्या एंझाइमावरील सक्सिनेटाची जागा अडविते, परंतु स्वतः बदलत नाही. किल्ली शिरली, पण फिरली नाही. जुळणे आणि अभिक्रिया घडणे या गोष्टी निराळ्या ठरल्या. १९५८ मध्ये कॉशलंड यांनी कुलूपही लवचीक मानले. फिलिप्स व सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये लंडन येथे क्ष-किरणांनी लायसोझाइमची रचना उलगडली, तेव्हा रोधक रेणू खाचेत बसल्यावर तेथील एक ट्रिप्टोफॅन किंचित सरकलेले दिसले.