वसईचा कौल

बोईसर स्टेशनबाहेर रिक्षावाला शेवटच्या सीटसाठी थांबलाय. तुम्ही बसता आणि रिक्षा सुटते. एमआयडीसीचा उग्र वास मागे पडतो, खारा वारा तोंडावर येतो. तारापूरच्या किल्ल्याशी उतरून तुम्ही तटाला हात लावता. दगड चटका देतो. नाकात बंदुकीच्या दारूचा वास शिरतो.

साल 1739, महिना जानेवारी. अंगात घामानं चिकटलेली बाराबंदी, हातात ढाल. तुम्ही चिमाजी अप्पांच्या फौजेतले शिपाई आहात. पोर्तुगिजांचं तारापूर पडलं आहे, पण जल्लोष करावासा वाटत नाही. आपले सरदार बाजी भिवराव रेठरेकर याच तटाशी कामी आले.

शेजारी बसलेला गडी ठाण्याकडचा. तो पागोट्याच्या शेवानं डोळे पुसतो. "आमच्या गावचं देऊळ पाडलं फिरंग्यांनी. आज्यानं देव विहिरीत लपवला होता." तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवता. अशाच जाचाला कंटाळून अंजूरच्या गंगाजी नाईकांनी पेशव्यांकडे धाव घेतली होती, हे छावणीत सगळ्यांना ठाऊक आहे. या फौजेतल्या अनेकांची फिर्याद घरची आहे.

आता मे. तुम्ही वसईच्या मोर्च्यात आहात. किल्ल्याला तिन्ही बाजूंनी पाणी, त्यामुळे लढायचं ते एकाच बाजूनं. फेब्रुवारीपासून वेढा चाललाय. तुम्ही रात्री माती उपसता, दिवसा तीच माती मेलेल्यांवर लोटता. सुरुंग उडतो, बुरूज फुटतो, तुम्ही खिंडाराकडे धावता. वरून दगड, पेटती दारू, गोळ्या. या वेढ्यात आपल्या बाजूचे मेलेले-जखमी 5,000 च्या घरात जातात. ठाण्याकडचा तो गडी त्यातच गेला. त्याचं पागोटं तुम्ही कमरेला बांधलंय.

आणि 16 मेला तोफा थांबतात. किल्ल्याचा कप्तान काएतानो द सूझा परेरा तहाला तयार झाला आहे.

कलमं तोंडोतोंडी मोर्च्यात येतात. फिरंगी शिबंदी हत्यारांसह, निशाणं फडकवत, नगारे वाजवत बाहेर पडेल. रहिवासी बायकापोरं आणि उचलून नेता येईल ते सामान घेऊन जातील. ज्यांना राहायचं असेल त्यांनी राहावं, आपला धर्म पाळावा. सामान बांधायला आठवडाभराची मुदत.

तुमचा हात कमरेच्या पागोट्याकडे जातो. किल्ला तर मोडकळीला आला आहे. आणखी एक हल्ला, मग आत शिरून सगळा हिशेब चुकता करता आला असता. अप्पांनी तो केला नाही. त्यांनी कौल दिला. कौल म्हणजे अभयाचा शब्द, आणि फौजेच्या सरदारानं दिलेला कौल शेवटच्या शिपायानं पाळायचा असतो.

23 मे. पावसाळा तोंडावर. किल्ल्यातून माणसं निघताहेत. काखोटीला गाठोडी, पाठीवर म्हातारे. एक बाई तुमच्यासमोरून जाते. तिच्या एका हाताला पोर, दुसऱ्या हातात टोपली. टोपलीत दोन कोंबड्या आहेत. तुमची नजर पडताच ती टोपली छातीशी घट्ट धरते. तिला वाटतं, तुम्ही ती हिसकावणार. तुम्ही एक पाऊल मागे सरता. भाला आडवा होता तो उभा करता. ती जाते. एवढंच तुमच्या हातात होतं, आणि ते तुम्ही केलंत.

पुढे काय झालं, हे तुम्ही आजच्या वसईत डोळ्यांनी पाहू शकता. मराठ्यांनी जिंकलेल्या या मुलखात मराठी बोलणारी ख्रिस्ती गावं आहेत, आणि त्यांच्या चर्चच्या घंटा आजही वाजतात.

परत तारापूर. बंदरात होड्या डोलताहेत. इथून समुद्रानं उत्तरेला गेलं की भारत-पाकिस्तानमधली अदृश्य रेघ लागते, आणि ती ओलांडल्याच्या आरोपावरून पालघर जिल्ह्यातली माणसं कराचीच्या तुरुंगात पडतात. पण त्याच पाण्यावर वेगळंही घडलं आहे. पोरबंदरहून इराणकडे निघालेलं 'अल पिरानपीर' हे गलबत 4 डिसेंबर 2024 ला पाकिस्तानच्या शोध-बचाव क्षेत्रात बुडालं. खबर मुंबईच्या बचाव केंद्राला मिळाली. आपलं तटरक्षक दल आणि पाकिस्तानची सागरी सुरक्षा एजन्सी यांनी मिळून शोध घेतला, आणि छोट्या होडीत जीव मुठीत धरून बसलेल्या 12 भारतीय खलाशांना आपल्या 'सार्थक' जहाजानं वाचवलं. दोन्हीकडचे गणवेशधारी एकमेकांवर डोळा ठेवूनही बुडत्याला हात देऊ शकतात, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

2008 च्या करारानुसार दरवर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. दोन्ही सरकारांनी यादीपाशी थांबू नये. जाळं टाकायला गेलेला माणूस सैनिक नसतो. त्याची शिक्षा संपली की त्याला त्याच आठवड्यात घरी पाठवा. वसईत 5,000 माणसं मेली-जखमी झाल्यावरही शत्रूच्या बायकापोरांना वाट मिळाली होती. आज तर लढाईसुद्धा चालू नाही.