'रिकी' (१९५७) : रॉक अँड रोल आणि अमेरिकन मध्यमवर्गीय घर

रॉक अँड रोलच्या इतिहासलेखनात किशोरवयीनांच्या लाडक्या गायकांकडे बहुधा उपेक्षेनेच पाहिले गेले आहे. दक्षिणेतील कृष्णवर्णीय आणि कष्टकरी श्वेतवर्णीय कलावंतांनी घडविलेले संगीत या देखण्या मुलांनी गुळगुळीत करून विकले, हा त्यांच्यावरील मुख्य आक्षेप होय. इम्पीरियल कंपनीने नोव्हेंबर १९५७ मध्ये प्रकाशित केलेली 'रिकी' ही रिकी नेल्सनची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका. तिच्यातील बारा गीतांच्या निवडीवरून हा आक्षेप कितपत टिकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रिकीचा जन्म ८ मे १९४० चा. वडील ऑझी नेल्सन हे १९३० च्या दशकातील नामवंत वाद्यवृंदप्रमुख, तर आई हॅरिएट त्याच वाद्यवृंदातील गायिका. 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ ऑझी अँड हॅरिएट' ही त्यांची कौटुंबिक मालिका १९४४ पासून नभोवाणीवर आणि ऑक्टोबर १९५२ पासून दूरचित्रवाणीवर सादर होत होती. रिकी व त्याचा थोरला भाऊ डेव्हिड तिच्यात स्वतःच्याच भूमिका करीत. या घरातील संकटे सहसा आइसक्रीमच्या शोधापलीकडे जात नसत. प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत लहानाचा मोठा झालेला हा मुलगा त्यांना शेजारच्या घरातलाच वाटावा, हे स्वाभाविक होते.

१० एप्रिल १९५७ च्या भागात रिकीने फॅट्स डॉमिनो या न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय गायकाचे 'आय अ‍ॅम वॉकिन' हे गीत गायिले. त्याच वर्षी जानेवारीत एड सुलिव्हनच्या कार्यक्रमात एल्व्हिस प्रेस्लीला कमरेपासून वरच दाखविण्यात आले होते. रिकीच्या बाबतीत अशा दक्षतेची गरज कोणालाच भासली नाही. आईवडील त्याच पडद्यावर उपस्थित होते. पालकांची संमती कार्यक्रमाच्या रचनेतच अंतर्भूत होती. व्हर्व या प्रामुख्याने जॅझ प्रकाशित करणाऱ्या कंपनीसाठी केलेल्या आरंभीच्या मुद्रणानंतर तो इम्पीरियलकडे गेला. १९४९ पासून डॉमिनोची गाणी प्रकाशित करणारी कंपनी तीच, हा योगायोग बोलका आहे.

ध्वनिमुद्रिकेतील गीते पाहता दोन पिढ्यांची आवड शेजारी शेजारी नांदताना दिसते. 'अ‍ॅम आय ब्लू' हे १९२९ मध्ये एथेल वॉटर्सने लोकप्रिय केलेले गीत आणि कोल पोर्टरचे 'ट्रू लव्ह' ही ऑझी-हॅरिएटच्या दिवाणखान्यात शोभणारी. याउलट 'बॉपिन द ब्लूज' आणि 'युअर ट्रू लव्ह' ही मेम्फिसच्या सन कंपनीचा गायक कार्ल पर्किन्स याची गीते. खंडकऱ्याच्या कुटुंबात वाढलेला पर्किन्स हा रिकीचा आदर्श होता. केवळ विक्रीचा हिशेब असता, तर एल्व्हिसची नक्कल अधिक सोयीची ठरली असती. पर्किन्सची दोन गीते घेण्यात एका श्रोत्याची पारख दिसते. मात्र सतरा वर्षांच्या रिकीचा आवाज पातळ आणि संयत आहे. पर्किन्सचा खरखरीतपणा त्याच्याकडे नाही. 'होल लॉटा शेकिन गोइन ऑन' हे बिग मेबेलने १९५५ मध्ये मुद्रित केलेले आणि जेरी ली लुईसने १९५७ मध्ये गाजविलेले गीत येथे बरेच निरुपद्रवी झाले आहे. आक्षेप सर्वाधिक लागू पडतो तो याच गीताला.

जानेवारी १९५८ मध्ये ही ध्वनिमुद्रिका 'बिलबोर्ड'च्या यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचली. किशोरवयीनांची खरेदी तेव्हा मुख्यतः ४५ फेऱ्यांच्या लहान तबकड्यांपुरती असे. महाग दीर्घ ध्वनिमुद्रिका ही प्रौढांची वस्तू मानली जाई. म्हणूनच हे यश घरात मिळालेल्या प्रवेशाचे द्योतक ठरते. हा प्रवेश सर्वांना सारखा खुला नव्हता. सप्टेंबर १९५७ मध्ये लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत पाठविण्यासाठी लष्कर बोलवावे लागले होते. डॉमिनोची तबकडी श्वेतवर्णीय घरात विकत घेतली जात होती. पण दर आठवड्याला पाहुण्यासारखे त्या दिवाणखान्यात येणे त्याला शक्य नव्हते. या विषमतेचा लाभ रिकीला झाला. ती त्याने निर्माण केलेली नव्हती, एवढे मात्र नमूद करावे लागते.

संगीताच्या दृष्टीने 'रिकी' ही पूर्ण झालेली वाट नव्हे. तिच्यानंतर लवकरच लुईझियानाचा तरुण गिटारवादक जेम्स बर्टन रिकीच्या संचातील प्रमुख वादक झाला. १९५८ मध्ये आलेले 'बिलीव्ह व्हॉट यू से' हे गीत मेम्फिसच्याच डॉर्सी व जॉनी बर्नेट या बंधूंनी लिहिले होते. त्यात बर्टनच्या गिटारला जी मोकळीक मिळाली, ती पहिल्या ध्वनिमुद्रिकेत आढळत नाही. आणि कोल पोर्टरसाठी तेथे जागाही उरलेली नाही.