पहिली आवृत्ती ओळखायची कशी?

भोसरीहून एक रस्ता आळंदीला जातो. पुणे–नाशिक महामार्ग मोशी, चाकण करत खेडकडे निघतो आणि तळवड्याच्या बाजूने पुढे गेले की देहू लागते. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे या सगळ्या पट्ट्याची ओळखच एमआयडीसी अशी झाली. लेथ, प्रेस, फोर्जिंग, पाळ्या आणि कंपनीच्या बसगाड्या. पण मराठी छापील पुस्तकाचा इतिहास शोधणाऱ्याला याच पट्ट्यात यावे लागते. मराठीतल्या दोन सर्वांत मोठ्या ग्रंथांच्या कर्त्यांची गावे, ज्ञानेश्वरांची आळंदी आणि तुकोबांचे देहू, भोसरीच्या दोन बाजूंना आहेत आणि तुकोबांच्या छापील गाथेची गोष्टही इथल्याच पोथ्यांपासून सुरू होते.

ज्ञानेश्वरी पहिल्यांदा छापली गेली १८४५ मध्ये, मुंबईत, शिळाछापावर. ते काम ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांचे. पुढच्याच वर्षी ते वारले. तुकोबांचे अभंगही सुटे, निवडक असे छापले जात होते. पण निरनिराळ्या पोथ्या ताडून, पाठभेद पाहून गाथा सिद्ध करायचे काम सरकारी मदतीने झाले. शिक्षण खात्याचे संचालक सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या पुढाकाराने मुंबई सरकारने त्यासाठी २४,००० रुपये मंजूर केले. त्या काळात ही रक्कम फार मोठी होती. विष्णु परशुरामशास्त्री पंडितांनी शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली संपादन केले. पोथ्या आल्या देहूहून, तळेगावहून, पंढरपूरहून आणि खेड तालुक्यातल्या कडूसहून. आज ज्या रस्त्यांवरून चाकणचे कंटेनर धावतात, त्यांच्याच आसपासच्या गावांतून ही हस्तलिखिते मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्याच्या कामासाठी गोळा झाली.

या गाथेची पहिली आवृत्ती हाती आली, तर ती ओळखायची कशी?

पहिली अडचण सालाचीच. पहिल्या खंडावर १८६९ आहे आणि दुसऱ्यावर १८७३. दोन साले पाहून एखादा समजेल की जोड बेजोड आहे, एक खंड पहिल्या आवृत्तीचा आणि दुसरा नंतरचा. तसे नाही. खंड चार वर्षांच्या अंतराने निघाले आणि दोन्ही मिळूनच पहिली आवृत्ती होते. दुसरी खूण म्हणजे सुरुवातीला जनार्दन सखाराम गाडगीळ यांनी लिहिलेले तुकोबांचे इंग्रजी चरित्र. तिसरी खूण अर्थातच छापखान्याचे नाव. १९५० च्या दशकात सरकारने हीच गाथा पु. मं. लाड यांच्या प्रस्तावनेसह पुन्हा काढली. वारकऱ्यांच्या घरांत ‘सरकारी गाथा’ म्हणून जी दिसते ती बहुधा या नंतरच्या छपाईची असते. वाचायला ती तितकीच चांगली आहे. पण साडेचार हजारांहून अधिक अभंग पोथ्यांतून शिशाच्या खिळ्यांत पहिल्यांदा कसे उतरले, कुठे अडखळले, हे पाहायचे तर १८६९–७३ चेच खंड उघडावे लागतात.

इंग्रजी पुस्तकांच्या संग्राहकांना एक सोय असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिकडच्या बऱ्याच प्रकाशकांनी शीर्षकपानाच्या मागे आकड्यांची एक ओळ छापायला सुरुवात केली आणि तीत एक हा आकडा शिल्लक असला की ती पहिली छपाई. मराठीत अशी सर्वमान्य रीत कधी बसली नाही. उलट आपल्याकडे ‘आवृत्ती’ हा शब्द फार सैल वापरला गेला. एक अक्षर न बदलता पुन्हा छापले तरी कुणी त्याला ‘आठवी आवृत्ती’ म्हणतो, तर कुणी काटेकोरपणे ‘पुनर्मुद्रण’ असे लिहितो. कित्येक पुस्तकांवर तर काहीच लिहिलेले नसते. म्हणून मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती ओळखायची तर पुस्तकाच्या आजूबाजूचा काळच वाचावा लागतो. कायदा, पैसा, टपाल, शुद्धलेखन, छपाई, या सगळ्यांनी पुस्तकावर आपापल्या खुणा सोडलेल्या असतात.

यात सर्वांत उपयोगी पडतो तो १८६७ चा २५ वा कायदा. छापखान्यांवर आणि पुस्तकांवर नजर ठेवायला तो इंग्रज सरकारने केला, पण त्याने ग्रंथाभ्यासकांवर मोठे उपकार केले. या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रक, प्रकाशक आणि छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक झाले. शिवाय प्रत सरकारात जमा करायची आणि तिची नोंद व्हायची. कलम १८ मध्ये या नोंदीत काय काय असावे ते सांगितले आहे: पुस्तकाचे नाव, भाषा, लेखक, विषय, छपाईची आणि प्रकाशनाची जागा, मुद्रक आणि प्रकाशक, बाहेर पडल्याची तारीख, पाने, आकार, किंमत, हक्काचा मालक. आणि त्यातच आवृत्ती कितवी, प्रती किती छापल्या, छपाई खिळ्यांची की शिळाछापाची. या नोंदींच्या याद्या दर तिमाहीला सरकारी गॅझेटबरोबर प्रसिद्ध होत. ज्या पुस्तकावर आवृत्तीचा उल्लेखच नाही, त्याचा जन्मदिवस आणि प्रतींची संख्या अशा यादीत मिळू शकते. म्हणूनच मराठी ग्रंथसूचीत १८६७ ही सीमारेषा मानली जाते. त्याआधीच्या पुस्तकांना ‘दोलामुद्रिते’ म्हणतात, म्हणजे मुद्रणकला पाळण्यात असतानाची पुस्तके.

त्या पाळण्यातल्या काळासाठी आधार कमी आहेत, तरी आहेत. ज्या ग्रँटसाहेबांनी गाथेसाठी पैसे मिळवले, त्यांच्याच नावाने १८६४ अखेरपर्यंतच्या मुंबई इलाख्यातल्या देशी प्रकाशनांची यादी निघाली. ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी पुस्तकांची ब्लुमहार्टने केलेली सूची १८९२ ची. आणि या सगळ्यांवर कळस चढवला तो शंकर गणेश दाते यांनी. १८०० ते १९३७ या काळातल्या छापील मराठी पुस्तकांची त्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ मध्ये आली आणि १९३८ ते १९५० चा दुसरा भाग १९६१ मध्ये. एका माणसाने ग्रंथालये पालथी घालून हे काम केले. मराठी पुस्तकांच्या आवृत्तीबद्दल वाद झाला की आजही आधी दाते उघडले जातात. मराठीत कोशकारांचा गौरव होतो तसा सूचिकारांचा होत नाही, याचे वाईट वाटते.

सूची जवळ नसली तरी पुस्तक स्वतः बरेच बोलते. त्यासाठी ते हातात घ्यायला हवे.

पान तिरपे धरून मागच्या बाजूवरून बोट फिरवावे. खिळ्यांच्या छपाईत अक्षर कागदात दाबले जाते, त्यामुळे पाठीमागे बारीक उंचवटे लागतात. शिळाछाप सपाट असतो आणि त्यातले अक्षर लेखकूच्या बोरूचे असते, एकच अक्षर प्रत्येक वेळी जरा निराळे. ऑफसेटही सपाटच, पण अक्षरे एकसारखी. आता १८५७ हे साल छापलेला मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश कुणी दाखवला, तर बोटानेच निवाडा करता येतो. १९७५ मध्ये पुण्याच्या शुभदा–सारस्वतने त्याचे पुनर्मुद्रण केले आणि आज घरोघरी दिसतो तो तोच. गंमत अशी की, १८५७ हे सालसुद्धा पहिल्या आवृत्तीचे नाहीच. पहिली आवृत्ती १८३१ ची, सुमारे चाळीस हजार शब्दांची. दुसरीत मोल्सवर्थ आणि कँडी यांनी ते साठ हजारांवर नेले. अभ्यासकाला दुसरी जास्त कामाची आणि संग्राहकाला पहिली जास्त मोलाची. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

विसाव्या शतकातल्या पुस्तकासाठी किंमत पाहावी. रुपये-आणे असतील तर छपाई १९५७ च्या आसपासची किंवा त्याआधीची, कारण त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ते पान १५ ऑगस्ट १९७२ नंतर छापलेले आहे. त्याआधी नुसते ‘पुणे २’ किंवा ‘मुंबई ४’ असे. ९७८ ने सुरू होणारा तेरा आकडी आयएसबीएन क्रमांक २००७ पासूनचा. एखाद्याने १९६८ ची पहिली आवृत्ती म्हणून पुस्तक दाखवावे आणि पत्त्यात पिनकोड निघावा, असा प्रकार जुन्या बाजारात दुर्मिळ नाही. दर वेळी त्यात लबाडी असतेच असे नाही. पुष्कळदा प्रकाशक मूळ साल तसेच ठेवून पुन्हा छापतो आणि विकणारा तेच साल वाचतो.

शुद्धलेखन ही तर खास मराठी खूण. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये आले आणि अनुच्चारित अनुस्वार पुस्तकांतून हळूहळू गेले. त्याआधीच्या पुस्तकात ‘नाहीं’, ‘केलें’, ‘कांहीं’ अशी रूपे जागोजाग दिसतात. १९४७ मधल्या मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ या संग्रहाची आजची प्रत आणि त्या वेळची प्रत शेजारी ठेवली तर हा फरक नावापासूनच जाणवतो. तसेच ‘अि’, ‘अु’, ‘अे’ अशी स्वरांची बाराखडी दिसली तर ती सावरकरांच्या लिपिसुधारणेची, किर्लोस्कर मासिकांनी रुळवलेली. असे पुस्तक बहुधा १९३० नंतरच्या दोन-तीन दशकांतले. शेवटी चिकटवलेले शुद्धिपत्रही चांगला साक्षीदार आहे. पुढच्या छपाईत त्या चुका दुरुस्त होतात आणि शुद्धिपत्र गळते. नवशिके ते कचरा समजून काढून टाकतात, ते करू नये. पहिल्या छपाईचे वेष्टनही जपावे, कारण मुखपृष्ठ पुढे बदलते आणि दीनानाथ दलालांसारख्या चित्रकाराचे मूळ काम त्या कागदावरच उरते.

कधी प्रकाशकाचे नावच पुरते. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली. पुढे ती पॉप्युलर प्रकाशनाकडे गेली. पॉप्युलरची प्रत कितीही जुनी आणि पिवळी दिसली तरी ती पहिली असू शकत नाही. अरुण कोलटकरांची इंग्रजी ‘जेजुरी’ १९७६ मध्ये मुंबईच्या क्लिअरिंग हाऊसने काढली. प्रास प्रकाशनाच्या प्रती त्यानंतरच्या. इथे मात्र एक पायरी मागे जाता येते, कारण ती कविता त्याआधी १९७४ मध्ये एका नियतकालिकात येऊन गेली होती.

आणि पुस्तकाआधी नियतकालिकात काय छापले गेले, हा प्रश्न मराठीत फार महत्त्वाचा आहे. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः आली आणि मग तिचे पुस्तक झाले. केशवसुत १९०५ मध्ये गेले. त्यांच्या कवितांचे पुस्तक आपट्यांनी १९१७ मध्ये काढले. कवीने ते पाहिलेच नाही. त्याच्या हयातीत त्या कविता ‘करमणूक’, ‘काव्यरत्नावली’ अशा नियतकालिकांत छापून आल्या होत्या. म्हणजे कवितेचे पहिले छापील रूप हवे असेल तर सुतळीने बांधलेले जुने अंक धुंडाळावे लागतात. रद्दीत सर्वांत आधी जातात ते नेमके हेच अंक. सावरकरांच्या १८५७ वरच्या ग्रंथाची कथा आणखी वेगळी. तो लिहिला गेला मराठीत, पण १९०९ मध्ये लेखकाच्या नावाशिवाय हॉलंडमध्ये छापून निघाला तो इंग्रजीत, आणि सरकारने छापण्याआधीच त्यावर बंदी घातली होती. मराठी मूळ स्वातंत्र्याच्या सुमारास प्रकाशात आले. मराठी ग्रंथाची पहिली आवृत्ती इंग्रजी, असा हा दुर्मिळ प्रकार.

यातली बरीच पुस्तके भोसरी, चिंचवड, निगडीच्या घरांत निघू शकतात. कारखान्यांत नोकरीला आलेल्या माणसांनी गावाकडची पेटी बरोबर आणली, तिच्यात आजोबांची पोथी आली, वडिलांची नाटके आली. नंतर पगारातून कादंबऱ्या घेतल्या गेल्या. जानेवारी २०१६ मध्ये पिंपरीत एकोणनव्वदावे साहित्य संमेलन भरले, तेव्हाही या शहराने पुस्तके विकत घेतली. आता जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत आणि घर बदलताना पुस्तके किलोवर जातात. कागद म्हणून त्यांना भाव येतो आणि पुस्तक म्हणून कुणी विचारतही नाही.

त्यातच १८६७ चा कायदा आता राहिलेला नाही. त्याच्या जागी आलेला २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आणि तो फक्त नियतकालिकांपुरता आहे. पुस्तके त्यातून वगळली गेली. काही ठरावीक ग्रंथालयांना प्रत देण्याचा १९५४ चा कायदा आहे, पण कलम १८ मधली ती तपशीलवार नोंद आता कुणी मागणार नाही. मराठी प्रकाशकांनी निदान आपल्या बाजूने आवृत्ती, पुनर्मुद्रण, महिना, वर्ष आणि प्रतींची संख्या शीर्षकपानाच्या मागे स्पष्ट छापावी. एका ओळीचे काम आहे.

आणि घर आवरणाऱ्यांनी प्रत्येक जुन्या पुस्तकाचे ते मागचे पान एकदा उलटून पाहावे. आण्यांत किंमत, पिनकोडशिवाय पत्ता, सुरुवातीला आश्रयदात्यांची किंवा वर्गणीदारांची यादी, शेवटी शुद्धिपत्र, यांपैकी काहीही दिसले तर पुस्तक बाजूला ठेवावे. पुणे नगर वाचन मंदिर, पुणे मराठी ग्रंथालय किंवा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय यांच्याकडे चौकशी करावी आणि मगच रद्दीवाल्याला बोलवावे.